समतेचं पत्रक आणि विद्यापीठाचे पोलीस

शीर्षक अगदी सरकारी होतं: ‘पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय कारणाने इसमाचा मृत्यू’. अमेरिकेतल्या मिनिॲपोलिस शहराच्या पोलीस खात्याने २५ मे २०२० च्या रात्री काढलेलं हे पत्रक. संशयिताने विरोध केला, त्याला बेड्या घातल्या, त्याला त्रास होत असल्याचं दिसलं म्हणून रुग्णवाहिका बोलावली, कुणीही कोणतंही शस्त्र वापरलं नाही, असं त्यात लिहिलं होतं. एका पोलिसाचा गुडघा त्या माणसाच्या मानेवर ९ मिनिटं २९ सेकंद होता, हे तेवढं नव्हतं. आपल्याकडे असतं तर ‘अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे, पुढील तपास सुरू आहे’ या एका ओळीत सगळं आटोपलं असतं. तिथेही आटोपलंच असतं. पण कोपऱ्यावरच्या दुकानात निघालेली एक सतरा वर्षांची मुलगी थांबली, तिने मोबाइल वर धरला आणि तो खाली घेतला नाही. तिच्यामुळे जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचं नाव जगाला कळलं.

मला त्या गुडघ्याइतकंच हे पत्रक छळतं. ज्याने गुडघा ठेवला त्या डेरेक शोव्हिनवर खटला चालला, तो दोषी ठरला, त्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. पत्रक मात्र त्याने लिहिलं नव्हतं. कचेरीतल्या कुणीतरी, रोजच्या सवयीने, रोजच्या शब्दांत लिहिलं. लिहिणाऱ्याच्या मनात कृष्णवर्णीयांबद्दल तिरस्कार असायची गरजच नव्हती. साचा तयार होता. नाव, वेळ, ठिकाण भरलं की काम झालं.

म्हणूनच या विषयावर मराठीत बोलताना ‘वर्णद्वेष’ हा आपला नेहमीचा शब्द मला अपुरा वाटतो. द्वेष म्हटला की द्वेष करणारा माणूस शोधावा लागतो, आणि तो सापडून तुरुंगात गेला की प्रकरण संपल्यासारखं वाटतं. रचनेतच मुरलेल्या वंशभेदाला असा माणूस लागत नाही. त्याला नोंदवही लागते, गस्तीचा नकाशा लागतो, दंडवसुलीचं उद्दिष्ट लागतं, शवविच्छेदनाच्या अहवालात वापरायचा एक सोयीचा शब्द लागतो. मिनेसोटा राज्याच्या मानवी हक्क विभागाने एप्रिल २०२२ मध्ये आणि केंद्रीय न्याय विभागाने जून २०२३ मध्ये मिनिॲपोलिस पोलिसांवर जे अहवाल दिले, त्यांचा रोख हाच होता. एक माणूस बिघडलेला नव्हता. थांबवणं, झडती घेणं, बळ वापरणं, सगळ्यातच वर्षानुवर्षं भेद होत आला होता. न्याय विभागाने तर कृष्णवर्णीयांबरोबर मूलनिवासींचाही स्पष्ट उल्लेख केला.

आता विद्यापीठांकडे येते, कारण माझं म्हणणं मुख्यतः त्यांच्याशी आहे.

फ्लॉइडच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच दिवशी मिनेसोटा विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षा, स्वतः कृष्णवर्णीय असलेली एक विद्यार्थिनी, यांनी प्रशासनाला पत्र लिहिलं. मागणी एका वाक्याची होती: शहर पोलिसांशी असलेले संबंध तोडा. उत्तरासाठी मुदत दिली चोवीस तासांची. २७ मे रोजी विद्यापीठाच्या अध्यक्षा जोन गेबल यांनी जाहीर केलं की फुटबॉलचे सामने, मैफली, समारंभ यांच्या बंदोबस्तासाठी शहर पोलिसांना यापुढे कंत्राट दिलं जाणार नाही, आणि स्फोटकं हुंगणाऱ्या श्वानपथकासारख्या खास सेवाही घेतल्या जाणार नाहीत.

निर्णय तसा लहान होता. विद्यापीठाचं स्वतःचं पोलीस दल होतं तसंच राहिलं, शहरातली गस्तही चालू राहिली. तरी त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या विद्यापीठांनी जे जे केलं त्यात मला तोच निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो करारात होता. बाकी ठिकाणी निवेदनांचा पूर आला. ‘आम्ही व्यथित आहोत’, ‘आम्ही तुमच्यासोबत उभे आहोत’, ‘आम्ही ऐकू, शिकू, बदलू’. त्यातली काही मी तेव्हा आस्थेने वाचली, आणि लिहिणाऱ्यांचं दुःख खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण विद्यापीठ म्हणजे हळहळणारा शेजारी नव्हे. त्याच्या हातात करार आहेत, जमिनी आहेत, पैसा आहे. आणि हे आपल्याकडच्या पुष्कळांना ठाऊक नसतं, पण तिथल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांकडे स्वतःचं बंदूकधारी पोलीस दल आहे. गेटवरचे वॉचमन नव्हेत. अटक करण्याचा कायदेशीर अधिकार असलेले पोलीस. येल विद्यापीठाने हे १८९४ मध्ये सुरू केलं. शिकागो विद्यापीठाचं दल आवाराबाहेरच्या वस्त्यांतही गस्त घालतं, म्हणजे ज्यांचा विद्यापीठाशी शिकण्याचा काहीही संबंध नाही अशा हजारो रहिवाशांवर एका खाजगी शिक्षणसंस्थेची पोलिसी सत्ता चालते.

ती सत्ता काय करू शकते हे सिनसिनाटीत दिसलं. १९ जुलै २०१५. सॅम्युएल डुबोज नावाचे ४३ वर्षांचे कृष्णवर्णीय गृहस्थ गाडी चालवत होते. सिनसिनाटी विद्यापीठाच्या एका पोलिसाने त्यांना आवाराबाहेरच्या रस्त्यावर अडवलं, कारण गाडीला पुढची नंबरप्लेट नव्हती. दोन-तीन मिनिटांत डुबोज डोक्यात गोळी लागून मेले. पोलिसाचं म्हणणं होतं की गाडी त्याला फरफटत नेत होती. त्याच्याच अंगावरच्या कॅमेऱ्याने ते खोटं पाडलं. खुनाचा खटला दोनदा चालला, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, आणि २०१७ मध्ये सरकारी वकिलाने आरोप मागे घेतले. विद्यापीठाने कुटुंबाला ४८ लाख ५० हजार डॉलर दिले, माफी मागितली, आणि त्यांच्या मुलांना पदवीपर्यंतची फी माफ केली.

फी माफीच्या त्या कलमापाशी मी दरवेळी थांबते. ज्या संस्थेच्या पोलिसाने बाप मारला, त्याच संस्थेत मुलांनी फुकट शिकावं. यात दुष्टावा नव्हता, उलट तडजोडीत कुणीतरी चांगल्या मनानेच ते सुचवलं असेल. पण विद्यापीठाच्या हातातल्या दोन्ही गोष्टी, बंदूक आणि पदवी, इतक्या उघडपणे एका कागदावर मी दुसरीकडे कुठे पाहिलेल्या नाहीत. त्याच विद्यापीठाने पुढे २०१८ मध्ये त्या पोलिसालाही थकलेला पगार आणि वकिलाचा खर्च म्हणून सुमारे ३ लाख ४४ हजार डॉलर दिले. नोकरीच्या करारात तसं बसत होतं. समतेविषयीचं निवेदन त्या करारात कुठेच बसत नव्हतं.

यावर मला जो आक्षेप सर्वांत जवळून ऐकावा लागला तो माझ्या बहिणीचा. तिचा मुलगा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका शहरात एम.एस. करतो आहे. तो गेला त्या आठवड्यात मराठी मुलांच्या व्हॉट्सॲप गटावर त्याला एक नकाशा मिळाला. अमुक रस्त्याच्या पलीकडे संध्याकाळी सातनंतर जायचं नाही, तमुक बसथांब्यावर उतरायचं नाही. पलीकडचा भाग लाल रंगवलेला. बहिणीने तो जपून ठेवला आहे. तिचा प्रश्न सरळ आहे: ‘अगं, पोलीस कमी करा म्हणणाऱ्यांची मुलं रात्री अकराला लॅबमधून एकटी घरी चालत येतात का?’

तिला मी मूर्खात काढणार नाही. तिची भीती खरी आहे. विद्यापीठांच्या आसपास लुटालूट होते, परदेशी विद्यार्थी मारले गेले आहेत, आणि सात समुद्रांपलीकडे मूल ठेवून झोपणाऱ्या आईला आकडेवारीने झोप लागत नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने स्वतःचं पोलीस दल हवं म्हणून मेरिलँड राज्याकडून २०१९ मध्ये कायदा करून घेतला, त्यामागे अशीच भीती होती. विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध प्रशासकीय इमारतीत महिन्याहून जास्त काळ ठिय्या दिला. जून २०२०मध्ये, फ्लॉइडनंतरच्या त्या दिवसांत, विद्यापीठाने ही योजना किमान दोन वर्षं थांबवत असल्याचं सांगितलं. पुढे मुदत संपली, शहर पोलिसांशी करार झाला आणि २०२४ मध्ये दल उभं राहिलं. कायद्यात अंगावरचे कॅमेरे आहेत, नागरिकांचं उत्तरदायित्व मंडळ आहे, दलाच्या संख्येवर मर्यादा आहे. हे सगळं नसण्यापेक्षा असणं चांगलंच. पण त्या दोन वर्षांत ज्या वस्त्यांवर गस्त पडणार होती त्या वस्त्यांचं मत बदललं, असं मला कुठे दिसलं नाही. वारा पडला, एवढंच झालं.

बहिणीच्या नकाशातल्या लाल रंगाबद्दल मात्र मला बोलायचं आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात गृहकर्जासाठीच्या एका सरकारी संस्थेने शहरोशहरचे नकाशे बनवले. जिथे कर्ज देणं धोक्याचं, तो भाग लाल. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास सगळ्याच लाल झाल्या. कर्ज नाही म्हणून घर नाही, घर नाही म्हणून वारशाला काही नाही, मालमत्ता करावर चालणाऱ्या शाळांना पैसा नाही. बाल्टिमोर तर त्याआधीच, १९१० मध्ये, कोणत्या गल्लीत कोणत्या रंगाच्या माणसाने राहायचं हे ठरवणारा वटहुकूम काढणारं पहिलं मोठं शहर होतं. पोलीस नंतर त्या लाल भागात ‘धोका’ शोधायला जातात, शोधतात तिथे सापडतो, आणि सापडला म्हणून आणखी गस्त वाढते. शंभर वर्षांनी आपला पुण्या-नाशिकचा मुलगा विमानतळावर उतरतो आणि तोच लाल रंग त्याच्या फोनवर येतो. त्याला कुणी द्वेष शिकवलेला नसतो, फक्त नकाशा पाठवलेला असतो.

आणि तो नकाशा आपल्याला वाचवतो हा समजही तपासून पाहावा. अलाबामा राज्यातल्या मॅडिसन गावी फेब्रुवारी २०१५ मध्ये गुजरातेतून आलेले ५७ वर्षांचे एक आजोबा सकाळी मुलाच्या घराबाहेर फिरत होते. नातवाला सांभाळायला येऊन त्यांना जेमतेम दोन आठवडे झाले होते. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला: एक सडपातळ काळा माणूस घरांकडे बघत फिरतोय. पोलीस आले. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. ‘नो इंग्लिश’ एवढंच ते म्हणाले. एका पोलिसाने त्यांना जमिनीवर असं आपटलं की मानेला इजा होऊन त्यांचं शरीर अंशतः लुळं पडलं. त्या पोलिसावरचा केंद्रीय खटला दोनदा ज्युरीच्या मतभेदात अडकला आणि शेवटी न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. आपल्याकडून दरवर्षी किती आजी-आजोबा तिकडे जातात आणि स्वेटर-कानटोपी घालून तसेच फिरायला निघतात! हा प्रश्न ‘त्यांच्यातला’ आहे असं म्हणणाऱ्या प्रत्येक मराठी घराला मला ही गोष्ट सांगाविशी वाटते.

दुसरा आक्षेप जास्त विचारपूर्वक घेतला जातो. गुन्हे त्या वस्त्यांत जास्त होतात, म्हणून पोलीस तिथल्या लोकांना जास्त अडवतात. यात भेदभाव कसला? हे तपासता येतं, आणि तपासलं गेलं आहे. मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन गावात कृष्णवर्णीय लोकसंख्या ६७ टक्के होती, पण अडवलेल्या वाहनचालकांत ते ८५ टक्के आणि अटक झालेल्यांत ९३ टक्के निघाले. एवढ्यावर कुणी म्हणेल की गुन्हे तेच करत असतील. पण न्याय विभागाच्या मार्च २०१५ च्या अहवालात पुढचा आकडा आहे. झडती घेण्याची शक्यता कृष्णवर्णीय चालकांच्या बाबतीत गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त, आणि झडतीत आक्षेपार्ह वस्तू सापडण्याची शक्यता मात्र २६ टक्क्यांनी कमी. संशय जिथे जास्त तिथे सापडतं कमी. मग तो संशय कशावरून घेतला जात होता? त्याच अहवालाने हेही दाखवलं की गावाची तिजोरी दंडाच्या पैशांवर भरावी म्हणून पोलिसांवर वरून दबाव होता.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी याहून साधी आणि याहून सुंदर चाचणी लावली. देशभरातल्या सुमारे १० कोटी वाहतूक-तपासण्यांच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या आणि अंधार पडण्याच्या आधीच्या व नंतरच्या वेळा ताडून पाहिल्या. दिवसभरात रहदारी बदलते, म्हणून घड्याळातली वेळ तीच ठेवली. ऋतूप्रमाणे त्या वेळी कधी उजेड असतो, कधी अंधार, त्याचा फायदा घेतला. काळोख झाला की अडवलेल्यांतलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण घटतं, असं दिसलं. काचेआडचा चेहरा दिसेनासा झाला की संशयही कमी होतो. हा निष्कर्ष कोणत्याही घोषणेपेक्षा मला जड वाटतो, आणि तो काढायला विद्यापीठच लागतं.

न्यूयॉर्कचंही एक सांगते, बहिणीसाठी. तिथे रस्त्यावर माणसं अडवून चाचपण्याची मोहीम २०११ मध्ये टोकाला गेली. एका वर्षात ६ लाख ८५ हजारांहून जास्त वेळा. बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे), आणि दहातल्या जवळजवळ नऊ वेळा काहीच निघालं नाही. २०१३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली आणि काही वर्षांत आकडा पन्नास हजारांच्या खाली आला. शहर बुडेल असं सांगणारे पुष्कळ होते. शहरातले खून २०११ मध्ये ५१५ होते, २०१७ मध्ये २९२. खून अडवणूक घटल्यामुळे कमी झाले असा माझा दावा नाही. सुरक्षितता आणि समता यांत एकच निवडावी लागते, हे मात्र या शहराने खोटं ठरवलं.

ज्ञानाचा विषय निघालाच आहे तर विद्यापीठांच्या दुसऱ्या बाजूबद्दलही बोललं पाहिजे. फ्लॉइडना जमिनीवर दाबून धरलेलं असताना एक नवखा पोलीस म्हणाला होता की त्यांना ‘एक्सायटेड डेलिरियम’ वगैरे झालंय की काय अशी काळजी वाटते. हा शब्द त्याने स्वतः शोधलेला नव्हता. तो त्याला शिकवलेला होता. मायामी भागातले शवचिकित्सक चार्ल्स वेटली आणि मायामी विद्यापीठातले एक मानसोपचारतज्ज्ञ यांनी १९८५ मध्ये कोकेन घेतलेल्यांच्या मृत्यूंवर निबंध लिहिला, त्यातून ही कल्पना रुजली. माणूस उन्मादात जातो, त्याच्या अंगात राक्षसी ताकद येते, वेदना कळत नाहीत आणि अचानक हृदय थांबतं, असं तिचं वर्णन. काळ्या माणसाच्या अंगात राक्षसी ताकद असते आणि त्याला दुखत नाही, हे गुलामांचे मालकही म्हणत. इथे ते वैद्यकाच्या भाषेत आलं. त्याच काळात मायामीत कृष्णवर्णीय स्त्रियांची प्रेतं सापडत होती. वेटली यांनी कोकेन आणि शरीरसंबंध यांच्या मिश्रणाने त्या मेल्या असाव्यात असं मांडलं. पुढे निघालं की एक माणूस त्यांना ओळीने ठार मारत सुटला होता.

एवढं होऊनही ती संकल्पना मेली नाही. शवविच्छेदनाच्या अहवालांत गेली, पोलीस प्रशिक्षणात गेली, परिषदांत गेली. कोठडीत माणूस मेला की दाबून धरणारे हात सुटावेत अशी जागा तिने करून दिली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने तिला २०२१ मध्ये विरोध केला, आकस्मिक सेवेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने आपला जुना निबंध २०२३ मध्ये मागे घेतला. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं गेली. इतकी वर्षं ती तपासणं कुणाचं काम होतं? वैद्यकीय महाविद्यालयांचंच ना?

परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला तेव्हा मला हाच शब्दांचा खेळ आठवला. प्राथमिक शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता; विधिमंडळात मात्र त्याच्या श्वसनाच्या आजाराची गोष्ट सांगितली गेली. गुन्हा नोंदवायचा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला. देश वेगळा, भेदाची जात वेगळी, पण मेलेल्या माणसाच्या शरीरातच मरणाचं कारण शोधायची घाई अगदी तीच.

उलटा दाखलाही आहे. शोव्हिनच्या खटल्यात शिकागोच्या लॉयोला विद्यापीठाशी संबंधित फुप्फुसतज्ज्ञ डॉ. मार्टिन टोबिन यांनी साक्ष दिली, एक पैसा न घेता. श्वास कसा अडतो, कोणत्या क्षणी अडला, हे त्यांनी ज्युरीला स्वतःच्या मानेवर हात ठेवायला लावून समजावलं. बचाव पक्षाकडून मेरिलँडचे माजी मुख्य शवचिकित्सक डेव्हिड फाउलर आले आणि मृत्यूचा प्रकार ‘अनिश्चित’ आहे म्हणाले. त्यावर चारशेहून अधिक डॉक्टरांनी पत्र लिहिलं: मग यांच्या कारकिर्दीतल्या कोठडीमृत्यूंचं काय? राज्याने फेरतपासणी नेमली. तिची धुरा टाउसन विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक जेफ कुकुका यांच्याकडे होती. ८७ मृत्यू, प्रत्येक प्रकरण तीन स्वतंत्र तज्ज्ञांसमोर. मे २०२५ मध्ये निकाल आला. अपघाती, नैसर्गिक किंवा अनिश्चित म्हणून मिटवलेल्या या मृत्यूंपैकी ३६ हे दुसऱ्या माणसाच्या हातून झालेले मृत्यू होते, यावर तिघांचंही एकमत झालं. मृत व्यक्ती कृष्णवर्णीय असेल, किंवा पोलिसांनी दाबून धरलं असेल, तर ते कार्यालय असा निर्णय द्यायला अधिकच कचरत असे, असंही त्यात दिसलं.

त्याच मे महिन्यात उलट दिशेलाही बरंच घडत होतं. फ्लॉइडच्या पाचव्या स्मृतिदिनाच्या चार दिवस आधी, २१ मे रोजी, केंद्रीय न्याय विभागाने मिनिॲपोलिस पोलिसांवरचा सुधारणेचा न्यायालयीन करार सोडून देत असल्याचं जाहीर केलं. विद्यापीठांत तर ओहोटी आधीच लागली होती. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला बंदी केली, आणि एमआयटीच्या पुढच्याच तुकडीत कृष्णवर्णीयांचं प्रमाण आधीच्या १३ टक्क्यांच्या सरासरीवरून ५ टक्क्यांवर आलं. टेक्सास आणि फ्लोरिडाने कायद्याने विद्यापीठांतली समता कार्यालयं, म्हणजे मागे ठेवल्या गेलेल्या गटांना प्रवेश आणि साथ मिळावी म्हणून काढलेले विभाग, बंद केली. २०२५ मध्ये केंद्र सरकारने निधी रोखण्याचा धाक घातला आणि ज्यांच्यावर कायद्याची सक्ती नव्हती त्यांनीही पाट्या उतरवल्या. मिशिगन विद्यापीठ या कामात सर्वांच्या पुढे मानलं जाई. त्याने मार्चच्या शेवटी आपलं कार्यालय बंद केलं.

त्या कार्यालयांत काम करणाऱ्या माणसांविषयी मला आदर आहे, आणि ती बंद करणाऱ्यांचा हेतू मला मुळीच चांगला वाटत नाही. तरी एक बोललं पाहिजे. मिशिगनमध्ये जवळजवळ दशकभर त्या कार्यक्रमावर प्रचंड पैसा खर्च झाला आणि पदवी वर्गांतलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण चार-पाच टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिलं. राज्याच्या लोकसंख्येत ते सुमारे १४ टक्के आहेत. कार्यशाळा झाल्या, आराखडे झाले, पण दोर्‍या दुसऱ्या खोलीत होत्या. जे कार्यालयात होतं ते कार्यालयाबरोबर गेलं. मिनिॲपोलिसमध्ये मात्र केंद्राचा करार गेल्यावरही मिनेसोटा राज्याने २०२३ मध्ये शहराशी केलेला, न्यायालयाच्या देखरेखीखालचा करार शिल्लक राहिला, आणि पोलीस आजही त्याला बांधलेले आहेत. विद्यापीठांनी त्यातून शिकावं. दलाच्या नियमावलीत, कंत्राटात, नोंदवहीत, शवचिकित्सेच्या अभ्यासक्रमात जे लिहिलं जाईल ते पुसायला वेळ लागतो. पुसताना ते दिसतंही.

म्हणून माझी मागणी फार उंच नाही. विद्यापीठाने स्वतःच्या पोलिसांची नोंद उघडी करावी. अमेरिकेत १९९० मध्ये आलेल्या आणि पुढे वाढवलेल्या एका कायद्यानुसार विद्यापीठांनी आवारातल्या गुन्ह्यांची दैनंदिन नोंद ठेवायची आणि वार्षिक अहवाल छापायचा. भाच्याने त्याच्या विद्यापीठाचा मला पाठवला. चांगला जाडजूड आहे. चोऱ्या किती, घरफोड्या किती, लैंगिक अत्याचार किती, आग किती वेळा लागली, वसतिगृहात किती आणि लगतच्या रस्त्यावर किती, सगळे रकाने आहेत. पोलिसांनी कुणाला थांबवलं, का थांबवलं, त्याचा वंश कोणता, झडतीत काय निघालं, हा रकाना नाही. त्या कायद्यात तो मागितलेलाच नाही, आणि कित्येक राज्यांत खाजगी विद्यापीठांच्या पोलिसांना माहितीच्या अधिकाराचे कायदेही लागू होत नाहीत. हे अशक्य आहे असंही नाही. शिकागो विद्यापीठाचं दल २०१५ पासून अशा तपासण्यांची माहिती आपल्या संकेतस्थळावर देतं.

भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘मावशी, मी विचारू का त्यांना?’ बहीण पलीकडून लगेच म्हणाली, ‘तू व्हिसावर आहेस, तू काही विचारायचं नाहीस.’ २०२५ च्या वसंतात कितीतरी परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसे रद्द झाले, तेव्हा ती चुकीचं बोलली असं मी म्हणू शकत नाही. मीही त्याला विचार म्हणाले नाही. त्याच्या विभागात नोकरीची कायम हमी असलेले प्राध्यापक आहेत, ज्यांना या प्रश्नासाठी कुणी देशाबाहेर काढणार नाही. त्यातल्या काहींनी २०२० च्या निवेदनावर सह्या केल्या होत्या. ते निवेदन विभागाच्या संकेतस्थळावर आता नाही, पण सह्या करणारे अजून तिथेच शिकवतात.